बावीस नियमांत बसणारी गाडी

“यंदा शर्यतीचा कप आपल्याच घरात! लिहून घे!”

सूतभर असं म्हणाला आणि त्याच्या बायकोनं खरोखरच लिहून घेतलं. सगळा घोळ तिथून सुरू झाला. इतर घरांत असली वाक्यं जेवताना बोलली जातात आणि ताटांबरोबर धुतली जातात. पण सूतभरची बायको पडली शिवणकाम करणारी. महत्त्वाचं काही कानावर पडलं की वहीत उतरवायचं, ही तिच्या हाताची सवय. तिनं मापांची वही ओढली, कुणाच्या तरी छाती, कंबर, बाहीखाली रेघ मारली आणि लिहिलं, ‘यंदा शर्यतीत या घराला पहिला नंबर मिळाला नाही, तर मागची शेड शिवणवर्गाला द्यायची.’

“हे शेडचं मी कधी म्हणालो?” सूतभर दचकला.

“का? खात्री नाही वाटतं?”

झालं! नेमकं वर्मावर बोट! सूतभरनं ताबडतोब सही ठोकली, खाली तारीख घातली आणि ‘तारीख रेघेच्या सूतभर वर गेली’ म्हणून ती खोडून पुन्हा घातली.

हा माणूस असा होता, म्हणूनच त्याला हे नाव पडलं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेवढं कमी किंवा जास्त झालेलं त्याला जगात कुठंही सहन व्हायचं नाही. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्यानं असंच असावं, हे खरं. पण हा लेथ बंद केल्यावरही तसाच! दुसऱ्यांच्या घरातल्या तसबिरी सरळ करायचा. दवाखान्यात इंजेक्शन घेताना नर्सला म्हणाला होता, “सूतभर डावीकडे घ्या.” नर्सनं घेतलं नाही ते सोडा.

घरामागची शेड हा त्याचा जीव की प्राण. तिथं लेथ, वेल्डिंगचं सामान, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने आणि मधोमध शर्यतीची गाडी. घरात मात्र बैठकीच्या खोलीत बायकोचा शिवणवर्ग भरायचा. सहा शिलाई मशीन, अकरा विद्यार्थिनी आणि एक भलंमोठं कटिंग टेबल. सोफ्यावर बसायच्या आधी हात फिरवून टाचण्या शोधाव्या लागत. एका पाहुण्यांना शोधायचं सुचलं नाही. ते पुन्हा आले नाहीत. बायको गेली चार वर्षं म्हणत होती, शेड मला द्या, आणि सूतभर चार वर्षं म्हणत होता, बघू. आता वहीत सही होती.

शर्यत म्हणजे काय, तर त्यांच्या कारखाने-वसाहतीची दरवर्षीची मजा. तिथल्या प्रत्येक वर्कशॉपनं, दुकानानं आपापली छोटी गाडी बनवायची, तिला जमेल ते, बहुधा पाण्याच्या पंपाचं, इंजिन लावायचं आणि वसाहतीभोवतीच्या रस्त्याला तीन फेऱ्या मारायच्या. नियम सगळे मिळून अकरा. एका कागदावर मावायचे. गेली तीन वर्षं कप बेकरीवाल्याकडे होता. त्याची लांब नाकाची, मागं थोराड चाकांची गाडी सुसाट जायची. सूतभरची गाडी पहिल्या वर्षी दुसरी आली, दुसऱ्या वर्षी चौथी आणि तिसऱ्या वर्षी गाडी आलीच नाही, नुसतं स्टिअरिंग हातात घेऊन त्याची मुलगी चालत आली.

ही मुलगी म्हणजे छकुली. लहानपणी पडलेलं नाव. आता ती सव्वीस वर्षांची होती आणि पाण्याचा टँकर चालवायची. घरात डोकं शांत असलेली तेवढीच एक.

अकरा नियमांपैकी सातवा नियम सूतभरला तोंडपाठ होता. अंघोळ करताना म्हणायचा. ‘जिंकलेली गाडी पुढच्या शर्यतीपर्यंत विजेत्याच्या शेडमध्ये, शर्यतीत होती तशीच, उभी ठेवावी. तिच्याभोवती पुरेशी मोकळी जागा सोडावी. पाहायला येणाऱ्यांना दिवसभर मज्जाव नसावा.’ या जागेसाठी त्यानं शेडच्या मधोमध खडूनं चौकोन आखून ठेवला होता. दरवर्षी खडू पुसट व्हायचा, दरवर्षी तो पुन्हा गिरवायचा. त्या रिकाम्या चौकोनाकडे बघताना त्याचा चेहरा इतका हळवा व्हायचा, की बायकोलाही क्षणभर वाईट वाटायचं. क्षणभरच, कारण तितक्यात तिला कुठंतरी टाचणी बोचायची.

“या वेळी जमणार कसं, बाबा?” छकुलीनं विचारलं.

“डोक्यानं! नियम वाचायची एक पद्धत असते. नियमात काय लिहिलंय ते सगळेच वाचतात. मी काय लिहिलेलं नाही ते वाचतो. जे लिहिलेलं नाही, ते चालतं!”

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानं ते आयुष्यभर इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की त्याच्या बायकोलाही पाठ होतं.

तर पहिला डाव पंखाचा. शर्यतीच्या गाडीला मागं पंख असतो तो उडण्यासाठी नव्हे. वारा त्याला वरून दाबतो आणि वळणावर गाडी रस्त्याला धरून राहते. नियम म्हणत होता, पंख दोन फुटांपेक्षा रुंद नको. किती पंख, हे कुठं लिहिलं होतं? सूतभरनं एकावर एक तीन बसवले. गाडी कपडे वाळत घालायच्या स्टँडसारखी दिसायला लागली, पण वळणावर अशी चिकटली की छकुलीसुद्धा “बरी आहे” म्हणाली. छकुलीच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक!

हे झालं शुक्रवारी. सोमवारी वाचनालयाच्या दारावर नवीन कागद लागला. ‘नियम १२ : गाडीला एकापेक्षा जास्त पंख नसावेत.’

खाली सही भाऊसाहेबांची. भाऊसाहेब म्हणजे सूतभरच्या बायकोचे थोरले भाऊ. एका कचेरीत पस्तीस वर्षं परिपत्रकं लिहून निवृत्त झालेले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, गाडीत बसलं की मळमळायचं. पण नियम लिहावेत तर त्यांनीच! म्हणून शर्यत समितीनं नियमांचं काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं, आणि त्यांनी ते हारासारखं मिरवलं होतं.

“एकच पंख? असू दे,” सूतभर म्हणाला आणि त्यानं गाडीचं अख्खं अंगच पंखाच्या आकाराचं केलं. नाकापासून शेपटीपर्यंत एकच पंख!

सोमवारी कागद. ‘नियम १३ : गाडी स्वतः पंख नसावी.’

मग त्यानं गाडीच्या पोटाकडे मोर्चा वळवला. पोटाखालून वारा झपकन गेला आणि बाजूनं आत शिरला नाही, तर गाडी जमिनीकडे ओढली जाते. त्यासाठी त्यानं दोन्ही बाजूंना रबराची झालर लावली. झालर बायकोनंच शिवून दिली, चुण्या घालून. शिवाय तपासणीत गाडीखालून वीट सरकली पाहिजे असा नियम होता. सूतभरनं अशा स्प्रिंगा बसवल्या, की उभी असताना गाडी ताठ आणि पळायला लागली की चार बोटं खाली बसलेली. तपासणी काय, उभ्या गाडीचीच होते!

सोमवारी दोन कागद. ‘नियम १४ : वीट गाडी पळत असतानाही खालून सरकली पाहिजे.’ ‘नियम १५ : गाडीला झालर, विशेषतः चुण्यांची, नसावी.’

“चुण्यांची!” सूतभर शेडमध्ये येरझारा घालत ओरडला. “चुण्या आहेत हे त्यांना कसं कळलं? कुणीतरी हेर आहे. तो बेकरीवालाच! पाव टाकायच्या निमित्तानं डोकावतो!” त्यानं खिडकीला पोतं लावलं आणि पाव बंद केला.

छकुली टायरवर बसून सफरचंद खात होती. “बाबा, आई आणि मामा रोज दुपारी फोनवर तासभर बोलतात.”

“मग?”

“मग काही नाही. मी आपलं सांगितलं.”

सूतभर तसाच ग्रीसच्या हातानं घरात गेला. बायको कटिंग टेबलाशी उभी राहून कापड कापत होती.

“तू भाऊसाहेबांना माझ्या गाडीचं सगळं सांगतेस?”

“सांगते ना!” ती कात्री न थांबवता म्हणाली. “कौतुक करते. दादाला म्हटलं, आमच्या यांचं डोकं म्हणजे काय विचारू नकोस. तीन पंख लावले, गाडी खाली बसवली. दादाही म्हणाला, वा वा. मग म्हणतो, थांब, लिहून घेतो.”

आता बायको आपलं कौतुक करते म्हटल्यावर नवऱ्यानं चिडायचं कसं? सूतभर आल्या पावली परत फिरला. पण शेडच्या दारात तो थबकला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, की छकुलीनं सफरचंद खाली ठेवलं.

“छकुले! आपण बोलू ते नियम होतंय. म्हणजे नियम कोण लिहितंय? आपण!”

“बाबा, नको.”

“बेकरीवाल्याची ताकद कशात आहे? नाकात! उद्यापासून मी जेवताना नाकाबद्दल बोलणार.”

आणि बोलला की! “गाडीचं नाक चांगलं सहा फूट लांब करतोय,” असं त्यानं दोनदा, ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सोमवारी कागद लागला. ‘नियम १६ : गाडीला नाक नसावं. पुढून व मागून गाडी सारखीच दिसावी.’ बेकरीवाल्यानं डोळ्यांत पाणी आणून आपल्या गाडीचं नाक कापलं. सूतभरलाही कापावं लागलं, पण त्याचं छोटं होतं. त्या दिवशी त्यानं पुन्हा पाव सुरू केला. आनंदात माणूस उदार होतो.

मग चाकांचं. “मागची चाकं छातीएवढी करतोय!” सोमवारी कागद : ‘नियम १७ : चारही चाकं सारखी असावीत व बशीपेक्षा मोठी नसावीत.’

“बशी?” छकुली कागदासमोर उभी राहून म्हणाली. “बशी कुठून आली?”

बशी कशीही येवो, बेकरीवाल्याची थोराड चाकं गेली ना! सूतभरनं टाळी मागितली. छकुलीनं दिली नाही.

यानंतर त्याला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. बेकरीवाल्याचं इंजिन दांडगं होतं, म्हणून यानं थाप मारली, “मी तोफेसारखा आवाज काढणारं इंजिन आणतोय.” त्यावर नियम १८ आला : ‘इंजिनाचा आवाज शिलाई मशीनपेक्षा जास्त नसावा.’ यानं म्हटलं, गाडी ट्रकएवढी करतो. नियम १९ : ‘गाडी सहा फूट लांब, तीन फूट रुंद व कमरेएवढी उंच, बरोब्बर एवढीच असावी.’ यानं म्हटलं, वर उंटासारखं कुबड काढतो. नियम २० : ‘गाडी वरून सपाट असावी. तिच्यावर कापड पसरलं असता सुरकुती पडू नये.’ नियम २१ : ‘कोपरे गोल असावेत. कापड अडकू नये.’

तोवर सायकलवाल्यानं नियम १७ वर माघार घेतली. प्लंबर १८ पर्यंत टिकला, मग “मला घरदार आहे” म्हणून निघून गेला. एके काळी बाणासारख्या दिसणाऱ्या गाड्या आता आडव्या टाकलेल्या कपाटांसारख्या दिसत होत्या. दर सोमवारी लोक वाचनालयापुढं जमायचे. पेपर वाचायला कुणी आत जात नव्हतं.

शर्यत रविवारी. गुरुवारी सूतभरनं शेवटची थाप मारली. “गाडी हलकी करायला मी त्यातलं सगळं काढून टाकणार. प्रथमोपचाराची पेटीसुद्धा!” बेकरीवाल्याच्या गाडीत आता पेटीला जागाच उरली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. शनिवारी सकाळी खास कागद लागला. ‘नियम २२ : प्रथमोपचाराच्या सामानासाठी गाडीला डाव्या बाजूस ओढून उघडता येणारा लाकडी खण असावा.’

शनिवारचा दिवस सूतभरनं खण बसवण्यात घालवला. खण उघडला की ब्रेक लागत होता. पण नियमात खण असावा म्हटलं होतं, ब्रेक लागू नये असं म्हटलं नव्हतं. इंजिनाच्या आवाजावर त्यानं जुन्या तीन गाद्या गुंडाळल्या. गाडी आता फुरफुरत तर होती!

रविवारी सकाळी सगळी वसाहत वाचनालयासमोरच्या मैदानात. भाऊसाहेब टाय लावून आले. हातात फाईल, काखेत वीट, खिशात बशी. आवाजाच्या तपासणीसाठी शिलाई मशीन लागणार होतं. ते त्यांनी बहिणीला आणायला सांगितलं होतं. मशीन जड, वर मोटरवालं, आणि वीज गेली तर म्हणून बरोबर बॅटरी. तिनं ते सगळं कटिंग टेबलावर ठेवलं आणि विद्यार्थिनींनी टेबल ढकलत मैदानात आणलं. टेबलाला चाकं होती ना. दोन वर्षांपूर्वी सूतभरनंच बसवली होती, अस्सल बेअरिंगची.

आधी बेकरीवाल्याची गाडी. वीट सरकली. बशी जुळली. इंजिन सुरू झालं आणि भाऊसाहेबांनी बहिणीला खूण केली. तिनं मशीन चालवलं. भाऊसाहेबांनी एक कान इकडे, एक कान तिकडे केला. “आवाज जास्त. बाद!” बेकरीवाला मटकन खाली बसला.

सूतभरनं मूठ आवळली. आता मैदानात तो एकटाच! आवाज पास. लांबी, रुंदी, उंची पास. कोपरे पास. खण उघडला, ब्रेक लागला, पण गाडी उभीच होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. राहिलं कापड. भाऊसाहेबांनी बहिणीकडून तलम कापड घेतलं, गाडीवर पसरलं आणि डोळा लावून पाहिलं. मधोमध वेल्डिंगच्या जोडावर एक बारीक सुरकुती उभी होती.

“किती?” सूतभर गाडीवर वाकला.

भाऊसाहेबांनी पट्टी लावली. “एक सूत. क्षमा करा, जावईबापू. बाद!”

सगळ्या मैदानात कुणी हसलं नाही, यावरून लोक किती चांगले होते ते कळतं. सूतभर मात्र त्या सुरकुतीकडे बघतच राहिला. पहिला नंबर गेला. शेड गेली. खडूचा चौकोन गेला. आणि गेला कशानं, तर एका सुतानं! उभ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्यांच्या ज्या चुका काढल्या, त्या सगळ्या जणू एकत्र होऊन त्याच्या गाडीवर बसल्या होत्या. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

भाऊसाहेबही हिरमुसले. शर्यत आहे, नियम आहेत, पण नियमांत बसणारी गाडीच नाही. त्यांनी सुस्कारा टाकून फाईल शेजारच्या टेबलावर ठेवली, वीट टेबलाखाली सरकवली आणि चष्मा पुसायला लागले. पुसता पुसता थांबले. वीट आरपार गेली होती. त्यांनी खाली वाकून पाहिलं. मग खिशातून बशी काढून टेबलाच्या चाकाला लावली. मग पट्टी काढली. सहा फूट. तीन फूट. उंची कमरेएवढी. पुढून-मागून सारखं. कोपरे गोल. मशीन आणि बॅटरी खाली उतरवायला लावून त्यांनी कापड पसरलं. एक सुरकुती नाही! डाव्या बाजूला लाकडी खण होता. त्यांनी तो ओढला. आत कात्री, खडू, टेप आणि, टाचण्या टोचतात म्हणून, प्रथमोपचाराच्या पट्ट्या.

“हे वाहन कुणाचं?” भाऊसाहेबांनी कापऱ्या आवाजात विचारलं.

“वाहन कसलं, दादा? माझं टेबल आहे ते!”

“टेबल?” सूतभरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “अगं, ही मापं… हे तुझ्या टेबलाचं सगळं…”

“मी काय केलं?” बायको गोंधळून म्हणाली. “दादाला गाड्यांतलं काय कळतंय! तो फोनवर विचारायचा, चाक साधारण केवढं असावं गं? आवाज किती बरा? रुंदी किती ठेवू? मी टेबलाशी उभी असायचे. समोर जे दिसेल ते सांगायचे.”

भाऊसाहेब फाईल उघडून शांतपणे म्हणाले, “नियमात ‘गाडी’ म्हणजे काय ते दिलेलं नाही. स्वयंचलित हवं, वर चालक हवा, बाहेरून कुणी हात लावायचा नाही आणि तीन फेऱ्या पाचच्या आत व्हायला हव्यात. बाकी एवढंच आहे.”

बेकरीवाला हे ऐकून उठला आणि पावांचे ट्रे वाहायची ट्रॉली घेऊन धावत आला. तिला खण नव्हता. बाद!

बायको नवऱ्याकडे वळली. “अहो, मशीनच्या मोटरला आणि टेबलाच्या चाकाला मिळून एक पट्टा बसवता येईल का हो?”

सूतभरच्या डोक्यात दोनच गोष्टी आल्या. एक, वहीत ‘या घराला पहिला नंबर’ असं लिहिलंय. टेबल याच घरचं. म्हणजे शेड वाचली! दोन, पट्टा बसवायचा कसा. दुसरी गोष्ट पहिलीच्या आधी आली, खरं सांगायचं तर. तो पळत जाऊन हत्यारं घेऊन आला. तासाभरात पट्टा बसला. पुढच्या चाकांना शिवणकामाची लाकडी पट्टी बांधून सुकाणू तयार झालं. छकुली मांडी घालून टेबलावर बसली, आईच्या मशीनशेजारी.

“टँकर चालवणारी बाई मी,” ती म्हणाली, “हे कुणाला सांगू नका.” सगळी वसाहत समोर उभी होती.

भाऊसाहेबांनी झेंडा खाली केला. छकुलीनं मशीनचं पेडल हातानं दाबलं. टरर्र झालं आणि टेबल निघालं. निघालंय हे लोकांना थोड्या वेळानं कळलं.

पहिली फेरी व्हायला जेवणाची वेळ झाली. लोक घरी जाऊन जेवून आले, तेव्हा टेबल वाचनालयाच्या कोपऱ्यावरून पोस्टाच्या कोपऱ्यावर पोचलं होतं. एक कुत्रा काही वेळ बरोबर चालला आणि कंटाळून पुढं निघून गेला. सूतभर मात्र एकेक पाऊल टाकत सबंध वेळ टेबलाच्या बाजूनं चालत होता. “डावीकडे! सूतभर डावीकडे!”

“बाबा, पुढं बघून चाला,” छकुली म्हणाली. “माझ्यापुढं जाताय तुम्ही.”

तिसऱ्या फेरीत, शेवटच्या चढावर, टेबल थांबलं. मशीन टररत होतं, पट्टा गुळगुळीत होऊन जागच्या जागी घसरत होता आणि टेबल हळूहळू मागं यायला लागलं. पाचला बारा मिनिटं कमी! सूतभरनं ढकलायला हात पुढं केला, तोच भाऊसाहेब ओरडले, “हात नको!” त्यानं दोन्ही हात स्वतःच्या काखेत कोंबले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

छकुलीनं शांतपणे नियम क्रमांक बावीसचा खण ओढला, कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि पट्ट्यावर घासला. पट्ट्यानं चाक धरलं. टेबल एक हिसका देऊन वर चढलं. विद्यार्थिनींनी असा ओरडा केला, की मशीनच्या आवाजाचा नियम त्यांना लागू नव्हता म्हणून बरं! चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी टेबलानं रेघ ओलांडली. सूतभरनं बायकोला चक्क सगळ्यांसमोर उचललं.

“मिळाला! या घराला पहिला नंबर मिळाला! वही काढ! शेड माझी!”

“तुमचीच हो,” बायको हसून म्हणाली. “मी कुठं नाही म्हणते?”

कप आला. टाळ्या झाल्या. मग भाऊसाहेबांनी घसा खाकरून फाईलमधला सर्वांत जुना कागद काढला. “नियम सात. जिंकलेली गाडी पुढच्या शर्यतीपर्यंत विजेत्याच्या शेडमध्ये, शर्यतीत होती तशीच…”

सूतभरचे ओठ सवयीनं बरोबर हलायला लागले. “…उभी ठेवावी. तिच्याभोवती पुरेशी मोकळी जागा सोडावी. पाहायला येणाऱ्यांना दिवसभर मज्जाव…” इथं त्याचे ओठ थांबले.

दुसऱ्या दिवशी टेबल खडूच्या चौकोनात उभं राहिलं. सूत इकडे नाही की तिकडे नाही. वर शिलाई मशीन, शर्यतीत होतं तसंच. पुरेशी मोकळी जागा सोडण्यासाठी लेथ हलवावा लागला. नऊ वाजता अकरा मुली पाहायला आल्या. येताना त्या उरलेली पाच मशीन घेऊन आल्या. दहापर्यंत कटिंग सुरू झालं.

“हे काय चाललंय?” सूतभर दारात उभा राहून म्हणाला. “नियमात टेबल ठेवायचं म्हटलंय! इथं शिवणवर्ग भरवावा असं कुठं लिहिलंय?”

बायकोनं तोंडातली टाचणी काढली. “भरवू नये असं कुठं लिहिलंय? आणि जे लिहिलेलं नाही…”

पुढचं वाक्य अकराही मुलींनी पूर्ण केलं. त्यांनाही पाठ होतं.

लेथ आता बैठकीच्या खोलीत आहे. एकदम लेव्हलमध्ये आहे. सोफ्यावर बसायच्या आधी हात फिरवून लोखंडाचे कीस शोधावे लागतात. दारावर भाऊसाहेबांच्या अक्षरातला कागद आहे, ‘घरातला आवाज शिलाई मशीनपेक्षा जास्त नसावा’, त्यामुळे लेथ दुपारी दोन ते चार, तोही गादी गुंडाळून, चालतो. गादी सूतभर स्वतः गुंडाळतो. परवा जेवताना मात्र तो एकदम उत्साहात आला, ताटावर हात आपटून म्हणाला, “पुढच्या वर्षी बघच! पुढच्या वर्षी मी…”

बायकोनं मापांची वही पुढं ओढली.

“नाही, नाही, लिहू नकोस,” सूतभर घाईघाईनं म्हणाला. “मी आपलं सहज म्हणत होतो.”